घरच्या घरी ॲडव्हेंट कसा पाळायचा: तयारी, आठवड्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

ॲडव्हेंट म्हणजे नाताळच्या आधीचा, येशूच्या येण्याची वाट बघण्याचा साधारण चार आठवड्यांचा काळ. तो सुरू व्हायच्या आदल्या रात्री बऱ्याच घरांत एकच धावपळ असते, मेणबत्त्या कुठे ठेवल्या, जांभळ्या मिळत नाहीयेत, रीथचं, म्हणजे ज्यावर हिरवी पानं आणि चार मेणबत्त्या लावतात ते गोल कडं मोडलंय, मग कसंबसं काहीतरी उभं राहतं, पहिल्या रविवारी सगळे जमतात, फोटो निघतात, आठवडाभर उत्साह टिकतो आणि मग ती रीथ टेबलाच्या कोपऱ्यात धूळ खात पडते. त्याच वेळी स्टार, झाड, कॅरल, गिफ्ट हे सगळं मात्र पहिल्या दिवसापासून जोरात, त्यामुळे 25 तारीख उजाडेपर्यंत मुलांना नवीन काही उरलेलं नसतं आणि मोठी माणसं दमून गेलेली असतात. माझं स्पष्ट मत आहे की घरातला ॲडव्हेंट फसतो तो बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. नाताळ आधीच सुरू होतो आणि वाट बघणं राहून जातं. म्हणून खाली सगळं क्रमाने लिहिलंय, मधले टप्पे गाळू नका.

1. आधी तारीख पक्की करा

ॲडव्हेंट 1 डिसेंबरला सुरू होतो हा पहिला गैरसमज. नाताळच्या आधीचे चार रविवार उलटे मोजायचे, त्यातला सगळ्यात आधीचा तो ॲडव्हेंटचा पहिला रविवार. तो 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांमध्ये कधीही येतो. 2026 मध्ये 29 नोव्हेंबर, 2027 मध्ये 28 नोव्हेंबर आणि 2028 मध्ये पार 3 डिसेंबर. एखाद्या वर्षी 25 डिसेंबरच रविवारी आला तर तो धरायचा नाही, त्याच्या आधीचे चार धरायचे.

म्हणजे हा काळ कधी 28 दिवसांचा असतो तर कधी फक्त 22 दिवसांचा. जेव्हा तो छोटा असतो तेव्हा चौथा आठवडा म्हणजे जेमतेम एक दिवस उरतो. 2028 मध्ये चौथा रविवार आहे 24 डिसेंबरला, म्हणजे चौथी मेणबत्ती आणि नाताळची रात्र एकाच दिवशी. अशा वर्षी मरियेच्या आणि योसेफाच्या गोष्टी चौथ्या आठवड्यासाठी राखून ठेवल्या तर त्या वाचल्याच जाणार नाहीत, त्या तिसऱ्या आठवड्यात घ्या.

24 खिडक्यांचं जे तयार कॅलेंडर मिळतं ते 1 डिसेंबरपासून मोजतं, चर्चचा ॲडव्हेंट तसा मोजत नाही, त्यामुळे दोन्ही वापरत असाल तर मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर रोज तोच प्रश्न. ऑर्थोडॉक्स परंपरेतल्या घरांनी आपल्या चर्चच्या उपवासाच्या तारखा धराव्यात, तिथला हिशोब वेगळा असतो.

*तपासा:* घरातल्या कॅलेंडरवर चार रविवार, 17 डिसेंबर, 24 डिसेंबर आणि 6 जानेवारी यांवर खुणा झाल्या का?

2. दोन आठवडे आधी घरात एकदा बसा

हा टप्पा लोक हमखास गाळतात. आई एकटीच सगळं ठरवते, एकटीच सगळं आणते, आणि मग रोज रात्री तिलाच सगळ्यांना हाका मारून गोळा करावं लागतं. असं दहा दिवस चालतं, मग तीही सोडून देते. म्हणून अर्धा तास सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि तीनच गोष्टी ठरवायच्या: रोज काय करणार, दर रविवारी काय करणार आणि या सगळ्या काळात मिळून कुणासाठी काय देणार. तीनच. इंटरनेटवर ॲडव्हेंटच्या पन्नास कल्पना सापडतात, सगळ्या छान दिसतात, पण ज्या घरात पाच गोष्टी सुरू होतात तिथे दुसऱ्या आठवड्यात एकही चालू नसते.

बहुतेक घरांना हे जमतं: रोज मेणबत्ती लावून छोटं वाचन, रविवारी नवीन मेणबत्ती आणि एक गाणं, आणि एक रिकामी गव्हाणी. गव्हाणीचं असं की घरात कुणी कुणासाठी मनापासून काही केलं की पेंढ्याची एक काडी गुपचूप त्यात टाकायची, नाताळच्या रात्री बाळ येशूला त्याच पेंढ्यावर ठेवायचं. यात "गुपचूप" हा शब्द महत्त्वाचा आहे. कुणी किती काड्या टाकल्या हे मोजायला लागलात, की भावंडांची स्पर्धा सुरू झालीच म्हणून समजा. पाच वर्षांचं मूल आजोबांचा चष्मा शोधून देतं आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून काडी टाकून पळतं, तेव्हा आपण बघितलं तरी बघितलं नाही असंच करायचं. बक्षीस नाही, कौतुकाचं भाषण नाही.

मुलं वाचती झाली असतील तर मेणबत्तीच्या वाचनाऐवजी इशायाचं झाड घेता येईल (इशाय म्हणजे दावीद राजाचे वडील). एका फांदीवर रोज एक चित्र लावायचं आणि त्या चित्राची गोष्ट वाचायची: सृष्टी, नोहाचं तारू, अब्राहामाचे तारे, याकोबाची शिडी, योसेफाचा झगा, मोशेचं जळतं झुडूप, रूथच्या लोंब्या, दावीदाची वीणा, योनाचा मासा आणि असं करत करत मरिया, योसेफ आणि बाळापर्यंत. चित्रं मुलांनीच काढावीत. विकतची सुंदर असतात पण ती मुलांची नसतात.

या बैठकीत आणखी एक ठरवायचं, *काय पुढे ढकलायचं*. झाडाचे दिवे, जोरजोरात कॅरल, गिफ्ट उघडणं, हे 24 च्या रात्रीपर्यंत थांबवता येतं का बघा. शाळेत किंवा चर्चमध्ये कॅरलचा कार्यक्रम आधी असेल तर खुशाल जा, तिथे अडून बसू नका, प्रश्न घराचा आहे. सगळंच थांबवणं जड जात असेल तर झाड उभं करा पण दिवे लावू नका, किंवा दर रविवारी थोडं थोडं सजवा. मुलांना वाढतं काहीतरी दिसलं पाहिजे.

*सावधान:* "नीट वागला नाहीस तर येशू येणार नाही" असं चुकूनही म्हणू नका. तो येतो ते आपण चांगले वागलो म्हणून येत नाही, आणि लहानपणी बसलेली ही भीती मोठेपणी सहज जात नाही.

3. सामान गोळा करा आणि एकदा लावून बघा

रीथसाठी लागतं एवढंच: गोल कडं किंवा एक मोठी धातूची वा मातीची थाळी, हिरवी पानं, चार मेणबत्त्या आणि हवी असेल तर मधे ठेवायला पाचवी पांढरी. रंग नेहमीचे म्हणजे तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. काही चर्चमध्ये जांभळ्याच्या जागी निळा वापरतात, काही घरांत चारही लाल किंवा पांढऱ्या असतात. आपल्या चर्चमध्ये असतील तेच रंग घेतले तर मुलांना दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते. रंगीत मिळाल्याच नाहीत तर पांढऱ्या मेणबत्तीला खाली रंगीत रिबन बांधा, काम होतं. रिबन मात्र अगदी तळाशी, ज्योत तिथवर पोचता कामा नये.

आता हिशोब, कारण इथे खूप जण फसतात. पहिली मेणबत्ती सगळ्यात जास्त जळते. रोज 10 मिनिटं धरली आणि ॲडव्हेंट 28 दिवसांचा असला तर पहिली 280 मिनिटं म्हणजे साधारण पावणेपाच तास जळणार, दुसरी 210, तिसरी 140 आणि चौथी फक्त 70 मिनिटं. हे ठीक आहे, चार वेगवेगळ्या उंचीच्या मेणबत्त्या हीच तर गंमत, पुढचा आठवडा किती पुढे आला हे नुसतं बघून कळतं. पण तुम्ही जेवण होईपर्यंत तासभर पेटती ठेवणार असाल तर पहिलीला 28 तास लागतील आणि साधी बारीक मेणबत्ती अर्ध्यावरच संपेल. मग एकतर जाड मेणबत्ती घ्या किंवा पहिल्या दोनची एकेक जास्तीची आणून ठेवा. पाकिटावर जळण्याचा वेळ लिहिलेला असेल तर तो बघूनच घ्या.

ताजी पानं आठ-दहा दिवसांत वाळतात आणि वाळलेलं पान कागदासारखं पेटतं. दर शनिवारी वाळकी काढून नवीन लावा. मेणबत्तीचा तळ थोडा वितळवून थाळीवर घट्ट बसवा आणि बोटाने हलवून बघा. थाळीच्या जवळ पडदा नको, वर कपाट नको, आणि पेटवण्याआधी पंखा बंद. घरात रांगणारं बाळ असेल किंवा ऑक्सिजनवर असलेलं कुणी असेल तर बॅटरीच्या मेणबत्त्या घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

*तपासा:* काडेपेटी, बायबल आणि गाण्याचं पुस्तक रीथच्या शेजारी एकाच डब्यात आहे का? रोज काडेपेटी शोधण्यात पाच मिनिटं गेली की मुलांचं लक्ष उडालंच.

4. रोजची दहा मिनिटं, याच क्रमाने

वेळ अशी धरा जी आधीच ठरलेली असते, म्हणजे रात्रीच्या जेवणाच्या लगेच आधी किंवा लगेच नंतर. झोपायच्या वेळी ठेवली तर लहान मुलं पेंगतात आणि मोठी मुलं निसटतात. फोन दुसऱ्या खोलीत. बायबल फोनवर वाचायचं टाळा, मधेच वरून मेसेज डोकावतो आणि सगळ्यांचे डोळे तिकडे जातात, छापील पुस्तक घ्या.

क्रम असा. आधी खोलीतला दिवा बंद करायचा. हे सोडू नका, उजेडात पेटवलेली मेणबत्ती म्हणजे नुसती मेणबत्ती, अंधारात पेटवली की अगदी तीन वर्षांचं पोरही आपोआप गप्प होतं. मग काही क्षण अंधारातच थांबायचं, कुणी काही बोलायचं नाही. मग काडी मोठ्या माणसाने ओढायची, मुलाचा हात आपल्या हातात धरून त्या आठवड्याच्या मेणबत्त्या पेटवायच्या, मोकळे केस आणि ओढणी मागे. मग वाचन, पाच ते दहा ओळी, जास्त नको. मग एकच प्रश्न, "तुला यातला कुठला शब्द लक्षात राहिला?" एवढाच. उत्तर आलं की त्यावर प्रवचन सुरू करू नका, मूल म्हणालं "गाढव", तर गाढव. उद्या तेच मूल आणखी काही सांगेल. मग प्रार्थना, दोन वाक्यांची पुरते: "प्रभू येशू, ये. आमच्या घरात ये, आणि ज्यांची वाट कुणीच बघत नाही त्यांच्याकडेही ये." मग गाण्याचं एखादं कडवं आणि शेवटी मेणबत्ती विझवायची, फुंकून नाही, कारण फुंकलं की गरम मेण उडतं, वरून छोटं धातूचं झाकण ठेवा.

वाचणारा रोज बदला. आजीआजोबा, मोठी मुलं, बाबा, सगळे. अडखळत वाचलं तरी मधे दुरुस्त करू नका.

*सावधान:* दोन दिवस राहिले तर तिसऱ्या दिवशी तीन वाचनं एकत्र काढून बसू नका. राहिलं ते राहिलं, आजचं वाचा आणि पुढे चला. भरपाई करायला गेलं की तो अभ्यास होतो, आणि अभ्यासाला मुलं येत नाहीत.

5. चार आठवडे, एकेकाचं काम वेगळं

चार मेणबत्त्यांना आशा, शांती, आनंद आणि प्रेम अशी नावं देण्याची पद्धत खूप ठिकाणी आहे, काही चर्चमध्ये क्रम थोडा वेगळा असतो, आपल्या चर्चचा धरा.

पहिला आठवडा (एक जांभळी). या आठवड्यात बाळ येशूची गोष्ट येतच नाही आणि इथेच लोक गोंधळतात. चर्चमधलं शुभवर्तमान जागे राहण्याबद्दल असतं, प्रभू पुन्हा येणार आहे त्याबद्दल. घरी मार्क 13:33-37 घ्या, दारावर जागत बसलेल्या नोकराची गोष्ट मुलांना पटकन समजते. त्याबरोबर यशया 9:2-7, अंधारात चालणाऱ्या लोकांना दिसलेला उजेड, आणि यशया 2:1-5. तेच वाचन दोन-तीन दिवस परत वाचलं तरी चालतं, उलट बरंच.

दुसरा आठवडा (दोन जांभळ्या). बाप्तिस्मा करणारा योहान. मार्क 1:1-8, यशया 40:1-11, आणि लूक 1:5-25 दोन दिवसांत विभागून, त्यात जखऱ्याची वाचा जाते तो भाग मुलांना फार आवडतो. या आठवड्याचं खरं काम म्हणजे रस्ता मोकळा करणं. घरात कुणाशी बोलणं बंद असेल, एखाद्या नातेवाइकाला महिनोन्महिने फोन केला नसेल, तर तो फोन याच आठवड्यात. शेवटच्या आठवड्यावर टाकलं की होत नाही. कॅथलिक घरांनी पापनिवेदनही याच सुमारास उरकावं, नाताळच्या तोंडावर रांगा लांब असतात आणि फादरही घाईत असतात.

द्यायचं कामही इथेच सुरू करा. लूक 3:10-14 उघडा. लोक योहानाला विचारतात आम्ही काय करावं, आणि तो अगदी व्यवहाराचं उत्तर देतो: दोन अंगरखे असतील तर एक नसलेल्याला द्या, जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये, शिपायांनी कुणाला लुबाडू नये. हे वाचून थेट कपाटासमोर जा. द्यायला काढायचा तो कपडा आपण उद्या घालू शकलो असतो असाच असावा, फाटका नको, डाग पडलेला नको. आणि मोठ्यांनी जकातदाराची ओळ स्वतःसाठी वाचावी, घरी कामाला येणाऱ्यांचे पैसे थकलेत का ते बघावं.

तिसरा आठवडा (दोन जांभळ्या आणि गुलाबी). गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या रविवारचीच, चौथ्या रविवारची नाही, ही चूक फार होते. फिलिप्पैकरांस 4:4-7 आणि यशया 35:1-10 वाचा. आणि मत्तय 11:2-6 सोडू नका, तुरुंगात पडलेला योहान निरोप पाठवून विचारतो की येणारा तो तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट बघावी. आनंदाच्या रविवारच्या वाचनांत हा प्रश्न येतो याचं मला फार मोल वाटतं. ज्या घरात या वर्षी कुणी गेलंय तिथे हा आठवडा जड जातो, सगळीकडे आनंद चाललेला आणि आपल्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी. अशा घरांनी जबरदस्तीने हसू नये. गुलाबी मेणबत्ती लावताना गेलेल्या माणसाचं नाव मोठ्याने घ्या, त्याचं आवडतं गाणं म्हणा, रडू आलं तर येऊ द्या. मुलांपासून हे लपवू नका.

चौथा आठवडा (चारही). लूक 1:26-38, मग 1:39-56, मत्तय 1:18-25 आणि मीखा 5:2-5. बाकी खास काही करायची गरज नाही, चर्चची गडबड असतेच.

6. 17 ते 23 डिसेंबर: सात रात्री, सात नावं

चर्चच्या जुन्या प्रार्थनेत या सात संध्याकाळी येशूला रोज एका वेगळ्या नावाने हाक मारली जाते. घरात हे करायला अगदी सोपं आहे, सात चिठ्ठ्या लिहायच्या आणि रोज एक रीथजवळ ठेवायची. 17 ला ज्ञान (नीतिसूत्रे 8:22-31), 18 ला इस्राएलचा प्रभू (निर्गम 3:1-6), 19 ला इशायाचं मूळ (यशया 11:1-10), 20 ला दावीदाची किल्ली (यशया 22:22), 21 ला पहाटेचा प्रकाश (लूक 1:78-79), 22 ला राष्ट्रांचा राजा (यिर्मया 10:7) आणि 23 ला इम्मानुएल (यशया 7:14). किल्लीच्या दिवशी खरी किल्ली मुलाच्या हातात द्या आणि विचारा, आपल्या घरात कुठलं दार बंद आहे. मुलं जे सांगतात ते ऐकून घ्या.

गोठाही याच आठवड्यात उभा करा, पण टप्प्याने. आधी जनावरं, मग मेंढपाळ लांबवर, मग मरिया आणि योसेफ. बाळ येशूची मूर्ती लपवून ठेवायची. पूर्वेकडून बाळाला भेटायला येणारे तीन ज्ञानी लोक तर इतक्यात गोठ्यात नकोतच, त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला खिडकीत वगैरे ठेवा.

*तपासा:* बाळाची मूर्ती कुठे ठेवली हे दोन मोठ्या माणसांना तरी ठाऊक आहे ना? ऐन 24 ला ती सापडत नाही.

7. 24 ची रात्र आणि त्यानंतर

क्रम उलटा करू नका: आधी वाचन, नंतर गिफ्ट. एकदा गिफ्ट उघडली की कुणी ऐकत नाही. रात्री चर्चला जाणार असाल तर निघण्याआधी किंवा परत आल्यावर, जेव्हा मुलं जागी असतील तेव्हा, चारही मेणबत्त्या आणि मधली पांढरी लावा, लूक 2:1-20 सावकाश वाचा, आणि वाचन गव्हाणीपर्यंत आलं की घरातल्या सगळ्यात लहानाने बाळाला पेंढ्यावर ठेवायचं. पेंढा कमी जमला असेल तरी त्यावरून एक शब्द नको. मग झाडाचे दिवे लावा, मग कॅरल, आता हवं तेवढ्या जोरात.

26 ला सगळं उतरवायची घाई करू नका. 25 पासून नाताळचा काळ सुरू झालाय, संपला नाही. रोज संध्याकाळी पांढरी मेणबत्ती लावत राहा आणि ज्ञानी लोकांना रोज हातभर पुढे सरकवा, हे काम एका मुलाला नेमून द्या. 6 जानेवारीला ते गोठ्यात पोचतील, त्या दिवशी मत्तय 2:1-12 वाचा.

मग रीथ सोडवा, पानं मातीत टाका, कडं पुसून ठेवा. मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे नीट गुंडाळून ठेवा, लाइट गेल्यावर कामाला येतात. एका कागदावर तीन ओळी लिहा: काय जमलं, काय जड गेलं, मुलांनी स्वतःहून काय मागितलं. तो कागद त्याच डब्यात रीथच्या कड्याबरोबर ठेवा, नोव्हेंबरमध्ये घरात बैठक बसेल तेव्हा तो पहिला वाचायचा.